फक्त छर्र्यांसाठी

पाचशे छर्र्यांचा एक चपटा डबा. देवघरातल्या कुंकवाच्या डबीपेक्षा जरा मोठा. तो मागवण्यासाठी मला आधार कार्डाची पुढची बाजू, मागची बाजू, पॅन कार्ड, चेहऱ्याचा फोटो आणि मला अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत असं कबुलीपत्र द्यावं लागलं. मला बावन्न पूर्ण झाली होती. धाकटी लेक बाळंतपण उरकून सासरी परत गेली होती. त्या अठराच्या चौकोनात खूण करताना मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला, कारण बाहेर ओट्यावर नवरा बसला होता आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

छर्रा म्हणजे हवेच्या रायफलीत घालायची शिशाची गोळी. वाटाण्याहून लहान, कमरेत आवळलेली, खाली परकरासारखा घेर. खऱ्या बंदुकीची काडतुसं काही अशी घरपोच येत नाहीत, त्यांना परवाना लागतो, दुकानात जाऊन नोंद करावी लागते. छर्रे मात्र फोनवरून मागवता येतात. फक्त विकणारा आधी विचारतो, बाई, तू कोण? बरोबरच आहे त्याचं. पण मी कोण हे नीट सांगायचं म्हटलं तर त्या वेळी माझी जरा पंचाईतच होती.

मी कोरेगावजवळच्या एका गावात शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. उसाची लावण असो की तोडणी, माझं मशीन चालू असतं. एकदा साताऱ्याहून एक तरुण मुलगी एक जाकीट घेऊन आली. जाकीट कसलं, चिलखतच ते. जाड कॅनव्हास, कोपराला चामडं, पट्ट्या तुटलेल्या. ती नेमबाजी शिकवत होती आणि तिचं जाकीट दुरुस्त करायला कुणी तयार होत नव्हतं. माझ्या दोन सुया मोडल्या, पण मी हट्टाला पेटले आणि ते शिवलं. पोचवायला साताऱ्याला गेले तेव्हा ती मला नेमबाजीच्या हॉलमध्ये घेऊन गेली. म्हणाली, ‘‘काकू, पाच गोळ्या मारून तर बघा.’’

दहा मीटरवर कागद. त्यावरचा काळा गोल रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा आणि मधला ठिपका सुईच्या टोकाएवढा. मी डोळा लावला. एक कडं, त्यात दुसरं कडं, त्यात तो काळा गोल. श्वास आपोआप थांबला. चट् असा आवाज झाला आणि माझ्या अंगातून असं काही सळसळत गेलं की मी उभ्या जन्मात कुठल्या लग्नात नाचले नव्हते ती तिथं उड्या मारायची बाकी राहिले. पाचातले तीन काळ्यात होते.

‘‘काकू, खरं सांगा. आधी कुठं शिकलाय?’’ तिनं विचारलं.

‘‘सुईत दोरा ओवताना,’’ मी म्हणाले.

त्या दिवसापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी एसटीनं साताऱ्याला जायला लागले. घरी सांगितलं, खांदा धरलाय, व्यायाम घ्यायला दवाखान्यात जाते. मशीनवर बसणाऱ्या बाईचा खांदा धरतोच, कुणाला शंका आली नाही.

खोटं का बोलले, हे सांगायला हवं. माझा नवरा चोवीस वर्षं फौजेत होता. हवालदार म्हणून निवृत्त झाला. आमच्या घरात रायफल या विषयावर बोलायचा हक्क त्याचा. जावई आले की बर्फात केलेल्या नेमबाजीची गोष्ट ठरलेली आणि त्या गोष्टीत मी चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई. मी शिकते म्हटलं असतं तर तो हसला असता, मग शिकवायला लागला असता आणि आठ दिवसांत ते त्याचं झालं असतं. मला माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. त्यात मी आधी वाईट असेन, मग हळूहळू बरी होईन आणि तोवर कुणी बघणार नाही, असं काहीतरी.

पण माणूस वाईट असता तर खोटं पचलं असतं. हा रोज संध्याकाळी तव्यावर मीठ भाजायचा, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायचा आणि माझा खांदा शेकायचा. ‘‘हितं दुखतंय का? जरा वर?’’ मी ‘‘हां, हां, तितंच’’ म्हणायचे. माझा ठणठणीत खांदा मिठानं भाजून निघत होता. पाण्याची कळशीसुद्धा तो मला उचलू देत नव्हता. साडेचार-पाच किलोची रायफल मात्र मी आठवड्यातून दोनदा तासभर उचलून धरत होते.

अशातच सांगलीची स्पर्धा ठरली. मोठी नव्हती, पण त्यात पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट होता. आमची प्रशिक्षक म्हणाली, ‘‘काकू, नाव देऊन टाकते.’’ मी नको नको म्हणाले आणि तिनं अर्ज काढेपर्यंत पेन शोधून ठेवलं. ती म्हणाली, सरावाच्या छर्र्यांवर स्पर्धा खेळू नका, सपाट तोंडाच्या छर्र्यांचा चांगला डबा मागवा, निदान आठवडाभर त्याच डब्यातले मारा, रायफलीला आणि तुम्हाला दोघींना सवय होऊ दे.

मग तो फोन आणि ते कागद.

आमच्या घरात झेरॉक्सचा एक कायदा आहे. मागं एकदा नवऱ्याच्या आधारच्या झेरॉक्सवर परराज्यात कुणीतरी मोबाइलचं कार्ड काढलं होतं. मी मीच आहे आणि तो मी नव्हे, हे सिद्ध करायला त्याला पोलीस ठाण्याच्या चकरा मारायला लागल्या. तेव्हापासून घरातून एकही झेरॉक्स कोरी बाहेर जात नाही. तिच्यावर दोन तिरक्या रेघा मारायच्या, मधे कारण लिहायचं, ‘इतर कशासाठीही वापरू नये’ असं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. लेकींच्या लग्नाच्या पत्रिकांवर त्यानं रेघा मारल्या नाहीत एवढंच.

मी कोरेगावच्या बाजारात आधारची आणि पॅनची अशा दोन झेरॉक्स काढल्या आणि दुकानाच्या फळीवरच पेन घेऊन दोन्हींवर रेघा ओढल्या. हात आपोआप चालला. ‘फक्त एअर रायफलच्या छर्र्यांसाठी. इतर कशासाठीही वापरू नये.’ तारीख, सही. नवऱ्यापासून लपवायचं काम मी नवऱ्याच्याच शिस्तीत केलं आणि वर स्वतःला हुशार समजले.

घरी येऊन दार लावलं, त्यांचा फोटो काढला, पाठवला. तासाभरात निरोप आला, कागदावर रेघा आहेत, चालणार नाही, स्वच्छ प्रत पाठवा. माझं डोकं फिरलं. मी छर्रे विकणाऱ्याच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक हिंदी बोलणारी गोड मुलगी. तिला माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, ‘‘बेटी, मेरा पूरा कार्ड तुम्हारे पास जाएगा, फिर वो किधर किधर फिरेगा, मेरे को क्या पता?’’ तीही समंजस. म्हणाली, व्हिडिओ कॉलवर चेहरा आणि मूळ कार्ड दाखवा, आधीचे आकडे बोटानं झाका, शेवटचे चार दिसले तरी पुरे.

मग मी शिलाई मशीनसमोर बसून, केस नीट करून, कार्ड गालाशी धरून, डावीकडे बघ, उजवीकडे बघ असं करत राहिले. आकड्यांवर बोट इतकं घट्ट दाबलं होतं की नख पांढरं पडलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तशी ती हसली, मीही हसले. ‘‘हो गया मॅडम, अप्रूव्ड.’’ मला पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र चमत्कारिक वाटलं. कुठल्यातरी दूरच्या ऑफिसात आता माझं नाव, माझा चेहरा, माझी जन्मतारीख आणि माझं गुपित नोंदलेलं होतं. ते सगळं ज्याला आधी कळायचं तो बाहेर ओट्यावर ठिबकची नळी सांधत होता.

त्या दोन झेरॉक्स मी प्लॅस्टिकच्या फायलीत सरकवल्या आणि विसरले. इथंच घात झाला.

त्याच आठवड्यात नवरा स्वतःच्या कामासाठी साताऱ्याला गेला. जाताना त्याच्या मनात आलं, बायको एवढी खांद्याचे उपचार घेते, मग माजी सैनिकांच्या दवाखान्यात तिचं नाव घालून तिथनंच व्यायामाची चिठ्ठी का घेऊ नये? फायलीतून माझ्या आधारची झेरॉक्स काढली. रेघा मारलेल्या होत्या, सही होती. तेवढं बघून त्याला समाधान वाटलं. वाचलं नाही.

संध्याकाळी परत आला तेव्हा मी ब्लाउजची बाही लावत होते. त्यानं तो कागद मशीनच्या पाट्यावर ठेवला.

‘‘खिडकीवरच्या माणसानं वाचून दाखिवलं,’’ तो म्हणाला. ‘‘मोठ्यानं. म्हणला, हवालदारसाहेब, ह्यो कागद हितं चालत न्हाई, ह्यो फकस्त छर्र्यांसाठी हाय. माझ्या मागं लाईन हुती. दोघं आपल्याच पलटणीतलं.’’

मशीनवरचा माझा पाय थांबला. काय बोलावं सुचेना, म्हणून मी रागावले. माझं हे असंच आहे. ‘‘आवं, मग वाचायचं न्हाई का आधी? तुमचाच कायदा न्हवं?’’

‘‘खांदा?’’ त्यानं एवढंच विचारलं.

‘‘खांद्याला काय झालेलं न्हाई.’’

‘‘मी रोज मीठ भाजत हुतो.’’

तो चिडला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कधी हरलेली नाही. पण तो असं म्हणाला आणि मला एकदम रडू फुटलं. जाकीट, पाच गोळ्या, मंगळवार, शुक्रवार, सांगली, सगळं सांगून टाकलं. ‘‘तुमी हसला असता,’’ मी म्हणाले.

‘‘हसलो असतो. लय हसलो असतो. मग?’’

तो उठला, चुलीजवळच्या खुंटीवरची मिठाची पुरचुंडी काढली, सोडली आणि मीठ परत बरणीत ओतलं. नंतर दोन दिवस तो माझ्याशी जेवण वाढ आणि गेट लाव एवढंच बोलला.

सांगलीला तर मी जाणारच होते. तेवढी मी खमकी आहे. पण घरात असा अबोला ठेवून तिथं उभी राहिले तर श्वास ठरणार नाही, हेही मला कळत होतं. या खेळात पोटात काही डाचत असेल तर ते थेट कागदावर उमटतं. शुक्रवारी सरावाला गेले तर माझे छर्रे गोलाच्या बाहेर रानभर हिंडले. प्रशिक्षक मुलीनं विचारलं, ‘‘काकू, खांदा दुखतोय का?’’ मला हसावं का रडावं कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुरियरवाला आला. चांगला मिशाळ, पन्नाशीचा माणूस. गावात शिरल्यापासून चार ठिकाणी विचारत आला होता, छर्रे कुणी मागवलेत म्हणून. खोक्यावर तसं छापलंच होतं. झालं, माझं आधारचे आकडे झाकणं गेलं पाण्यात. शेजारची जाऊबाई, दुधाची किटली घेतलेले एक आजोबा आणि समोरच्या घरातलं सगळं माणूस दारात उभं.

‘‘मूळ ओळखपत्र दाखवा, मावशी. ज्याचं नाव त्यालाच द्यायचं अशी सूचना हाय ह्याच्यावर.’’

मी कार्ड दिलं. त्यानं कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कार्डाकडे बघितलं. त्या फोटोच्या वेळी मी तापातून उठले होते. गाल बसलेले, केस विस्कटलेले. आता मी सहा महिने ताठ उभी राहायला शिकले होते, चष्माही बदलला होता.

‘‘ह्या तुमी वाटत न्हाई,’’ तो म्हणाला.

‘‘मग कोण हाय मी?’’ माझा आवाज चढला. ‘‘तोंड दाखवलं, कार्ड दाखवलं, त्या पोरीला डावं-उजवं करून दाखवलं. आता काय रेशनकार्ड गळ्यात बांधू?’’

‘‘रागवू नका मावशी. घरातलं कुणी सांगितलं तरी चालंल.’’ त्यानं ओट्याकडे बघितलं. नवरा तिथंच बसला होता, मांडीवर नळीचं भेंडोळं. ‘‘काका, ह्याच का त्या?’’

नवऱ्यानं हात पुढं केला. कार्ड घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. कार्डाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हासुद्धा त्यानं इतका वेळ बघितलं नव्हतं.

‘‘परवापतूर वळखत हुतो,’’ तो म्हणाला.

कुरियरवाला गोंधळला. समोरच्या दारात कुणीतरी खुदकन हसलं. नवऱ्यानं कार्ड परत केलं.

‘‘हीच हाय. द्या तिचं तिला.’’

मी सही केली, खोकं घेतलं आणि तिथंच ओट्यावर बसून दातांनी चिकटपट्टी तोडली. घरात नेऊन उघडायचा धीर नव्हता. झाकण फिरवलं. करड्या रंगाचे पाचशे छर्रे, एकाच्या अंगाला दुसरा. आनंदानं माझा श्वास वर राहिला. मी नवऱ्याकडे बघत नव्हते, पण तो हळूहळू सरकत माझ्याकडे आला, हे मला समजत होतं.

‘‘एवढुसं?’’ त्यानं एक छर्रा तळहातावर घेतला. ‘‘ह्यो काय धक्का देणार?’’

‘‘धक्का न्हाईच देत. म्हणून तर अवघड.’’

‘‘श्वास कवा धरतीस?’’

‘‘अर्धा सोडायचा, मग धरायचा.’’

‘‘आमी बी तसंच,’’ तो म्हणाला आणि छर्रा परत डब्यात ठेवताना पुटपुटला, ‘‘खांदा खरंच दुखायला लागला तर सांग. मीठ हाय.’’

मंगळवारी तो माझ्याबरोबर साताऱ्याला आला. भिंतीशी खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसला. मला वाटलं, आता सूचना सुरू होणार. तासाभरात तो तीनदा खुर्चीवरून अर्धवट उठला आणि तीनदा परत बसला. तोंडातून शब्द काढला नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याला एवढा त्रास झाला नसेल. त्या दिवशी माझे चाळीसातले एकोणचाळीस काळ्यात बसले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळची गाडी धरून आम्ही सांगलीला गेलो. डबा मी ब्लाउजच्या कापडात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवला होता. रायफल प्रशिक्षक मुलगी घेऊन येणार होती. गाडीत मला एक घोटही चहा जाईना. एकसारखं हसू येत होतं. नवरा खिडकीतून उसाचे फड मोजल्यासारखं बाहेर बघत बसला.

तिथं दारातच टेबल होतं. नाव, गट, ओळखपत्राची झेरॉक्स. झेरॉक्स! छर्रे घेतले, चष्मा घेतला, भाकरी घेतली आणि झेरॉक्स मात्र राहिली घरी. आमचा गट वीस मिनिटांत उभा राहणार होता. मी पर्स उलटीपालटी करायला लागले तेवढ्यात नवऱ्यानं शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

‘‘कालच काढून ठिवली हुती,’’ तो म्हणाला. ‘‘तुझी गडबड ठावं हाय मला.’’

कागद उलगडला. माझ्या आधारची झेरॉक्स. दोन तिरक्या रेघा, पट्टी लावून मारलेल्या. आणि मधे त्याच्या फौजी, ठासून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘फक्त माझ्या पत्नीच्या सांगली येथील नेमबाजी स्पर्धेसाठी. इतर कशासाठीही वापरू नये.’ खाली तारीख. सहीची जागा मोकळी.

‘‘वाचून सही कर,’’ तो म्हणाला. ‘‘न वाचता कुठं सही करायची न्हाई. मी शिकलोय आता.’’

मी वाचलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून परत वाचलं. मग त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, ‘पत्नीच्या’ या शब्दावर काट मारली आणि सही केली. आता तिथं राहिलं, फक्त माझ्या सांगली येथील नेमबाजी स्पर्धेसाठी.

टेबलामागच्या माणसानं हात पुढं केला होता. पण नवऱ्यानं कागद आधी आपल्याकडे ओढला, चष्मा खाली घेतला आणि मी मारलेल्या काटेकडे जरा वेळ बघत राहिला. मला वाटलं, दुखावला.

त्यानं त्या काटेवर बोट ठेवलं. ‘‘खाडाखोड केलीस न्हवं?’’ तो म्हणाला. ‘‘मग हितं बी सही कर.’’